सवय लागते, नेम धरावा लागतो

"सर, सत्तेचाळीस दिवस झाले."

ती मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरते. पडद्यावर एक लहानशी ज्योत आणि शेजारी ४७ चा आकडा. लासूर स्टेशनच्या फलाटावर आम्ही गाडीची वाट बघत उभे आहोत. मी तासिका तत्त्वावर शिकवायला निघालोय, ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकायला. दोघंही अप-डाऊनवाले. तिच्या कॉलेजात यंदा मुलांना एक ॲप घ्यायला लावलंय. रोज पाच मिनिटं, रोज एक प्रश्न, रोज थोडी क्रिएटिव्हिटी. दिवस सलग भरले की ज्योत मोठी होते आणि इंटर्नलच्या मार्कांत तिची नोंद होते.

"काल काय होतं?"

"वीट होती. विटेचे वीस उपयोग लिहा."

"मग, काय लिहिलंस?"

अंगठ्यानं वर-खाली करत ती वाचायला लागते, "पेपरवेट... डोअरस्टॉपर... बुकएंड..." आणि थांबते. "खरं सांगू का सर? एआयला विचारलं. रात्री पावणेबाराला आठवलं. बाराच्या आत टाकलं नसतं तर सगळे दिवस पाण्यात गेले असते."

या मुलीच्या मामाची वीटभट्टी आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिनं तिथंच काढल्यात. मी विचारलं, जास्त भाजून काळ्या पडलेल्या खंगर विटांचं मामा काय करतो? "त्या कोण घेतंय! गोठ्यात अंथरल्यात. गायी घसरत नाहीत, चिखलपण होत नाही." मग हे का नाही लिहिलंस? तिला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "तो काय उपयोग थोडाच आहे सर? ते तर असंच."

माझं भांडण या 'असंच'वरून आहे.

गेली काही वर्षं एक मत फार जोरात मांडलं जातंय. प्राध्यापकांच्या कार्यशाळांत ते ऐकू येतं, चहाच्या सुट्टीत ऐकू येतं, वर्तमानपत्रांच्या शिक्षण पुरवण्यांत वाचायला मिळतं. ते असं: सर्जनशील विचार हा स्नायूसारखा असतो, रोज थोडा व्यायाम दिला की वाढतो. विद्यापीठातल्या मुलांना ही रोजची सवय लावायची तर ऑनलाइन साधनांइतकं स्वस्त आणि हाताशी असलेलं दुसरं काही नाही. खेड्यातल्या पोराकडे ग्रंथालय नाही, पण खिशात मोबाईल आहे.

या मताची टिंगल करणं सोपं आहे आणि मी ती करणार नाही, कारण लासूरला राहणाऱ्याला त्यातलं तथ्य शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळतं. आमच्या गावाच्या नावातच स्टेशन आहे. मूळ लासूर शिवना नदीकाठी, दाक्षायणी देवीचं. स्टेशनला वसला तो बाजार. कांदा, मका, कापूस, ट्रॉल्या, काटे, आडतीची दुकानं. अभ्यासिका आहेत, पण तिथं टेबलावर पोलीस भरती आणि तलाठी भरतीची पुस्तकं. कथा-कवितांचं पुस्तक घेऊन कुणी शिरलाच तर तोच ओशाळतो. अशा ठिकाणी २००३ साली सुरू झालेल्या एनपीटीईएलमुळे आयआयटीच्या मास्तरांची व्याख्यानं फुकट पोचली, आणि ९ जुलै २०१७ ला 'स्वयं' हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाल्यावर अशा अभ्यासक्रमांची वाट आणखी रुंद झाली. ही थोडी गोष्ट नाही. ज्याच्या कॉलेजात संख्याशास्त्राचा मास्तरच नाही, त्याला ही माझी तक्रार चोचल्याची वाटेल, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. संख्याशास्त्र शिकायला ऑनलाइन अभ्यासक्रम बरा आहे. प्रश्न विचार शिकण्याचा आहे, आणि त्याची 'सवय' लावण्याचा.

आपल्या भाषेत तंबाखूची सवय लागते. उशिरा उठायची लागते, दुपारच्या चहाची लागते. सवय आपसूक लागते आणि लागली की माणसाला ती जाणवतसुद्धा नाही. नेम मात्र धरावा लागतो. एकादशीचा नेम, हरिपाठाचा नेम, वारीचा नेम. तो धरणारा माणूस रोज नव्यानं धरतो, आणि चुकला तर त्याला टोचतं. हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही, सायकॉलॉजीवाले वेगळ्या वाटेनं त्याच ठिकाणी पोचलेत. एकवीस दिवसांत कुठलीही सवय लागते, असं प्रत्येक कार्यशाळेत सांगतात. त्या आकड्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे, आणि तिथं गोष्ट होती ती पेशंटला आपल्या बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला किमान किती दिवस लागतात याची. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर नीट अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशोब २५४ पर्यंत गेला. पण सवयी कसल्या होत्या? जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, जेवणाआधी पळायला जाणं. आणि मोजलं काय होतं? ती गोष्ट कितपत आपोआप, मनात न आणता घडते, एवढंच.

म्हणजे सवय पुरती लागली याचा अर्थच मुळी हा, की आता तिला विचार लागत नाही. या मोजपट्टीवर 'सर्जनशील विचाराची सवय' ठेवून बघा. विचार न करता करायचा विचार! फलाटावरच्या त्या मुलीला सवय लागलेली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पावणेबाराला झोपेतून उठून ती ॲप उघडते, याहून पक्का पुरावा काय हवा? लागली ती ॲप उघडण्याची.

पहाटे पाचला वही घेऊन बसायची सवय लागू शकते, हे मला मान्य आहे. वेळेची, जागेची, पेनाचीसुद्धा लागते. बसल्यावर डोक्यात काय यावं, याची लागत नाही. आणि ही ॲपं वेळेपाशीच थांबतात, कारण त्यांना मोजता येते ती हजेरी. ड्युओलिंगोनं ही सलग दिवसांची ज्योत जगभर लोकप्रिय केली. एखादा दिवस चुकणार असेल तर तिथं साठवलेली रत्नं मोजून 'स्ट्रीक फ्रीझ' घेता येतो, की ज्योत शाबूत. आमच्या आजीचा एकादशीचा नेम एकदा आजारपणात चुकला तर ती पुढचे चार दिवस चुटपुटत होती. तिला तो कुठल्या दुकानात भरून मिळाला नाही.

आता त्या विटेकडे येतो, कारण वीट या सगळ्या प्रकरणाचं मूळपीठ आहे. जे. पी. गिलफर्ड हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांच्या निवडीच्या चाचण्यांवर काम केलं होतं. १९५० साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सर्जनशीलतेवर भाषण केलं आणि या विषयाचा अभ्यास तिथून जोरात सुरू झाला. रोजच्या वस्तूचे जास्तीत जास्त उपयोग सांगा, ही त्यांच्या प्रसिद्ध चाचण्यांपैकी एक, आणि तिचा लाडका नमुना म्हणजे वीट. किती उत्तरं आली, किती तऱ्हेची आली, त्यातली किती इतरांना सुचली नव्हती, असं मोजायचं. चाचणी म्हणून ती चांगली आहे. पण ती चाचणी आहे! ताप मोजायचं थर्मामीटर रोज पाच मिनिटं तोंडात धरलं म्हणून कुणाचा ताप उतरलेला मी पाहिलेला नाही. ॲपवाल्यांनी मोजायचं साधन उचललं आणि औषध म्हणून बाटलीत भरलं.

दुसरी गंमत अशी, की चाचणीत वीट मुद्दाम बिनमालकीची असते. ती कुणाच्या भट्टीची नाही, कुणी थापलेली नाही, तिच्यावर कुणाची उचल घेतलेली नाही. सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून ते योग्यच. पण हीच वीट रोजच्या अभ्यासाला दिली की मुलाला आपोआप कळतं, विचार करायचा तो दुसऱ्याच्या, स्वच्छ, कुठल्याच गावाच्या नसलेल्या विटेवर. आपल्या मामाची खंगर वीट यात बसत नाही. ती 'असंच' आहे. वर हे प्रश्न बहुतेक इंग्रजीतून. पेपरवेट हा शब्द सुचला की सर्जनशील. गोठ्यातला थर म्हणजे घरचं काम.

१९५० म्हटलं की मला दुसरंच काही आठवतं. ज्या वर्षी गिलफर्ड ते भाषण करत होते, त्याच वर्षी इकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली होती. पुढं त्या कॉलेजचं नाव मिलिंद महाविद्यालय आणि परिसराचं नाव नागसेनवन. ही नावं रोज हजार लोक घेतात, रिक्षावाले घेतात, पण त्यांत एक अख्खी शिक्षणपद्धती आहे हे लक्षात येत नाही. मिलिंद हा ग्रीक राजा, इतिहासातला मिनँडर. नागसेन हा भिक्खू. 'मिलिंदप्रश्न' हा पाली ग्रंथ म्हणजे त्या दोघांचा वाद. बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं, आणि त्याच्या भोवतीची जमीन केली उत्तर देणाऱ्याची.

त्या ग्रंथातली रथाची गोष्ट प्रसिद्ध आहे. नागसेन राजाला विचारतो, तू आलास तो रथातून ना? मग रथ म्हणजे काय, आस का, चाकं का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो आणि आपल्याच नकारांत अडकतो. मला त्याहून दोन साध्या गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे पुढच्या वादाला बसण्याआधी नागसेन अट घालतो: पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा बोलणार असशील तर नाही. पंडिताला खोडून काढलं तर तो रागावत नाही. राजाला खोडून काढलं की तो शिक्षा फर्मावतो. दुसरी गोष्ट, राजाचं पालुपद. नागसेनानं काही सांगितलं की राजा म्हणतो, उपमा द्या. ती दिली की म्हणतो, आणखी एक द्या. समोरचा माणूस पटकन 'कळलं' म्हणत नाही म्हणून नागसेनाला दिवा, झाड, बी असं आसपासचं एकेक उचलून नवा दृष्टांत घडवावा लागतो. सर्जनशील विचार म्हणजे दुसरं काय असतं?

आमच्याकडे हे आजही सप्ताहात दिसतं. कीर्तनकाराचा अभंग ठरलेला असतो आणि समोरच्यांना तो पाठ असतो. गेल्या सालचाच दृष्टांत लावला की मागं बसलेला म्हातारा शेजाऱ्याला कोपर मारतो. त्या कोपराच्या भीतीनं कितीतरी कीर्तनकार रात्र-रात्र नवा दृष्टांत शोधत बसत असतील. त्यांना कुणी नोटिफिकेशन पाठवत नाही.

ॲपला कोपर नाही. विटेचे वीस उपयोग लिहा, एकवीस लिहा, एआयकडून आणून टाका, ते टाळ्याच वाजवणार. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हा मला वाटलं होतं, चला, निदान उलट बोलणारं काही मुलांच्या हाती आलं. तसं ते सांगितलं तर बोलतंही. पण न सांगता त्याचा स्वभाव दरबारी. "अगदी छान प्रश्न विचारलात" इथून त्याची सुरुवात. नागसेनाच्या अटीत जो राजा नको होता, त्या राजाच्या खुर्चीत एकोणीस वर्षांच्या पोराला बसवून भोवती भाट उभे केलेत, आणि आपण म्हणतोय पोराला विचाराची गोडी लागेल.

इथं समोरच्या बाजूचा सगळ्यात पक्का मुद्दा येतो, आणि त्यापुढं मला दोन पावलं मागं जावं लागतं. ते म्हणतात, तुमच्या वादविवादात बोलतं कोण? पहिल्या बाकावरचे चार मुलगे. उरलेले पन्नास ऐकतात आणि मुली तर खालीच बघत बसतात. ऑनलाइन फळ्यावर त्या निदान लिहितात. हे खरं आहे. कोविडच्या दोन वर्षांत ज्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता अशा मुलींची तिखट वाक्यं मी पडद्यावर वाचली, आणि वर्ग पुन्हा भरले तेव्हा त्या पुन्हा गप्प झाल्या, हेही बघितलं. संशोधनही त्यांच्याच बाजूचं आहे. घोळक्यात बसून भराभर कल्पना सांगण्याची, ब्रेनस्टॉर्मिंगची टूम ॲलेक्स ऑसबर्न या जाहिरातवाल्यानं काढली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तपासलं तेव्हा एकेकटे बसून लिहिणाऱ्यांच्या कल्पना एकत्र केल्यावर घोळक्यापेक्षा जास्त आणि बऱ्या निघाल्या. म्हणजे सुचण्यासाठी एकटेपणा लागतो. पडदा तो देतो. मान्य.

पण सुचल्यावर काय? एकटीनं लिहिलेलं वाचून कुणीतरी "हे मला पटत नाही, का ते सांग" म्हणायला हवं. ते म्हणणारा माणूस पडद्यापलीकडे असला तरी माझी हरकत नाही, तो पुण्यात असो नाहीतर टेक्सासमध्ये. तो असला पाहिजे आणि उद्याही असला पाहिजे, एवढंच. ज्या साधनांत असा माणूस आहे त्यांच्याशी माझं वैर नाही. साधनाचं आयुष्य हा आणखी वेगळाच प्रश्न. कोविडात आम्ही सगळ्यांनी गुगलचा जॅमबोर्ड वापरला होता, पोरांनी त्यावर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या होत्या. ३१ डिसेंबर २०२४ ला गुगलनं तो बंद केला. त्या फळ्यावर आता कुणाला नवी चिठ्ठी डकवता येत नाही.

याच्याशेजारी 'अस्मितादर्श' ठेवा. मिलिंद महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस हे त्रैमासिक काढलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. २०१८ च्या मार्चमध्ये ते गेले. पद्मश्री त्याच वर्षीची. दलित साहित्यातली कितीतरी नावं त्या अंकांतून पुढं आली हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची यंत्रणा काय होती हे कुणी सांगत नाही. अंक निघायचा आणि त्याच्या जोडीनं मेळावे भरायचे. त्या मेळाव्यांत वाचक आणि लेखक दोघेही असायचे. लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं की आपण लिहिलंय ते वाचणारी माणसं समोर येऊन बसणार आहेत. त्यातला कुणी खोलीत एकटा बसून दिव्याखाली लिहीत असेल, त्याच्यासमोर कुणी नसेल, तरी तो एकटा नव्हता.

आणखी जवळचं उदाहरण वैजापूरचं. तिथल्या विनायकराव पाटील महाविद्यालयात रा. रं. बोराडे प्राचार्य होते. त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ ची. एका खेड्यातला शिंपी, त्याचं मशीन, त्याचं विसकटत जाणारं घर, आणि हे सगळं सांगते ती त्याची बायको, तिच्या बोलीत. गावात शिंप्याचं घर सगळ्यांनीच बघितलेलं असतं. त्यात कादंबरी आहे असं कुणाला वाटत नाही, ते तर 'असंच' असतं. अशी नजर असलेला माणूस ज्या कॉलेजात प्राचार्य आहे तिथल्या पोराला आपल्या घरातलं काही दाखवावंसं वाटत असणार, असं मला आपलं वाटतं. त्या काळी तिथं शिकलेला माझा एक नातेवाईक आहे, त्यानं आयुष्यभर किराणा दुकान चालवलं. पण गिऱ्हाईक बोलायला लागलं की अजून तो कान टवकारतो.

आता जी गोष्ट कार्यशाळेत कुणी बोलत नाही ती बोलतो. वर्गात माणूस नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत मंजूर जागा रिकाम्या आहेत आणि त्या माझ्यासारख्या तासावर पैसे घेणाऱ्यांनी भरून काढल्यात. तास झाला की मी स्टेशनकडे पळतो, कारण पुढच्या गाडीला दोन तास आहेत. पोराची वही वाचून "हे का?" असं विचारायला लागणारा अर्धा तास माझ्या मानधनात नाही. तिकडे नवं शैक्षणिक धोरण आलं, क्रेडिटं आली, कौशल्य अभ्यासक्रम आले. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयं'वरून करायला मुभा दिली. मुभा चांगली होती. पण जिथं मास्तर नाही तिथं ही मुभाच मास्तराचा पर्याय व्हायला वेळ लागत नाही. मग सर्जनशीलतेचं ॲप येतं. त्याला पगार नको, पीएफ नको, रजा नको, आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलीत लावायला पडद्याचा फोटो मिळतो: अमुक इतक्या विद्यार्थ्यांनी सलग अमुक दिवस सर्जनशील विचार केला.

मोठमोठ्यांना जे जमलं नाही ते या फाइलीत जमलेलं असतं. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली होती. २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम तीन टक्के निघाले. ती माणसं आळशी नव्हती. उद्या त्यांना कुणी विचारणार नव्हतं, एवढंच.

मग तुम्ही काय करता, असं विचारलं जाईल, आणि विचारायलाच हवं. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही सात-आठ जण रविवारी स्टेशनजवळच्या एका चहाच्या हॉटेलात बसतो. येताना घरातली, रानातली नाहीतर दुकानातली एक खरी वस्तू आणायची आणि तिच्याविषयी एक प्रश्न. शेजारी बसेल त्यानं तो खोडायचा. आठवडाभर मोबाईलच्या ग्रुपवर त्याच प्रश्नावर आवाजाच्या क्लिपा टाकायच्या. टायपिंग नको, कारण टाइप करताना पोरं पुस्तकी होतात. मोबाईल आमच्याकडेही आहे. तो टपालाचं काम करतो.

पहिले दोन महिने हा प्रकार साफ फसला, हेही सांगून टाकतो. मुलं गुगलवरून प्रश्न आणायची. मी जास्त बोलायचो. दोघी जणी तर तीन आठवडे एक शब्द न बोलता चहा पिऊन गेल्या. दिवाळीनंतर एकानं वडिलांची फाटकी वही आणली, भावकीच्या विहिरीवरची पाण्याची बारी लिहिलेली, चौदा वर्षांपूर्वीची. तिच्यावर जे भांडण जुंपलं त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही.

ती विटेची मुलगीही येते. तिची ज्योत एकसष्टाव्या दिवशी विझली. कांदा काढायला सगळं घर रानात होतं, आणि चार दिवसांनी कधीतरी तिच्या लक्षात आलं. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं कांद्याची पट्टी आणली. बाजार कुठला ते इथं सांगायची गरज नाही. घामानं मऊ पडलेला गुलाबी कागद, वर वजन, भाव, रक्कम, आणि खाली वजावटीच्या ओळी: हमाली, तोलाई, वाराई. तिनं तोलाईवर बोट ठेवलं.

"आडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून घेत नाहीत ना सर? मग हे बघा. ट्रॉली भुईकाट्यावर उभी राहते. आकडा आपोआप येतो. मग तोललं कुणी? पप्पांनी पैसे कशाचे दिले?"

२०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव या हमाली-तोलाईच्याच वादानं बंद पडले होते. ते तिला ठाऊक नव्हतं. तिला प्रश्न कागदावरून पडला होता. शेजारी बसलेला मुलगा एका हमालाचा. तो भडकलाच. काट्यानं माणसं घरी बसवली तर त्यांच्या पोटाचं काय, तुझे पप्पा बघणार का? ती म्हणाली, पोटाचं बघायचं तर तसं नाव लिहा, तोलाई का लिहिता? तो म्हणाला, नाव बदलून पैसे कमी होणार का? मी मध्ये काही बोलणार तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला. एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला टोपी, बशीत चहा. आयुष्यभर मापाडी होते, हे नंतर कळलं.

"पोरी, काटा आकडा दावतो. पण ट्रॉलीत कांदा किती आन् माती किती, हे काटा सांगतो का? आन् व्यापाऱ्यानं आकडाच नाकबूल केला, तर साक्षीला कोण उभं राहतं? काटा?"

ती गप्प झाली. मग पट्टी उलटी केली, पेन मागितलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे उतरवून घेतले.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी तुम्ही इथंच असाल ना?"